वाट बघ, एलादियो

निकोयाच्या या भागात मी वीस वर्षं दारोदार फिरून लोकांचा रक्तदाब मोजते आहे. मीठ कमी करा, चालत जा, नातवंडांसाठी तरी जगा, असं सांगून जिभेला फोड आले. मनापासून ऐकलं ते एकट्या रेमिहियानं, जिला सगळे मानानं 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणतात; आणि तेही खुन्नस म्हणून.

तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा शेजारच्या एलादियोनं गोड बोलून त्याच्याकडून घर लिहून घेतलं. रेमिहियानं मरेपर्यंत तिथं राहायचं, मग घर एलादियोचं. नवऱ्याला पुरलं त्याच दिवशी हा गडी तिच्या अंगणात पावलं टाकून लांबी-रुंदी मोजत होता. दुसऱ्या सकाळी मी आरोग्य केंद्र उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली. वय बहात्तर, वरचा रक्तदाब एकशे नव्वद.

"किती वर्षं काढीन मी, पोरी?"

"गोळी चुकवली नाहीत तर पुष्कळ, दोन्या."

"नाही चुकवणार. त्या मेल्याला वाट बघून बघून म्हातारा झालेला बघायचाय मला."

डुकराचं तळलेलं मांस बंद झालं, कॉफीतली साखर गेली. पाय अडकून पडायला नको म्हणून तिनं घरातल्या चटया उचलल्या. तोल सांभाळायचा व्यायाम म्हणून कुंपणाला धरून रोज एका पायावर उभी राहायची, तेही एलादियो समोर ओट्यावर बसलेला असताना. आधी तो हसायचा. आठव्या वर्षी त्याचं हसू आटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

माझं यंत्र बघितलं की तो दारातूनच हाकलायचा. "मला काय धाड भरलीय? त्या म्हातारीकडे जा."

चौदाव्या वर्षी तो न्हाणीत कोसळला. डावं अंग लुळं पडलं. बायको केव्हाच सोडून गेलेली, बघायला कुणी नाही.

रेमिहिया माझ्याबरोबर त्याच्या घरी आली, काठीशिवाय. तिनं खाटेजवळ खुर्ची ओढली आणि मला म्हणाली, "याचं नाव तुझ्या वहीत घे. दर आठवड्याला येऊन तपास. गोळ्या सकाळ-संध्याकाळ मी देईन."

एलादियोचं तोंड वाकडं झालं होतं. शब्द कसेबसे फुटले. "मरू दे मला, दोन्या."

"एवढ्यात?" तिनं त्याची उशी नीट केली. "माझ्या मरणाची वाट बघायची होती ना तुला? मग बघ की."