पासमामा

पासमामाच्या मुंडाशात कायम एक कागद खोचलेला असे, आणि वाचता येत नसूनही जगातल्या प्रत्येक कागदाला तो 'पास' म्हणे. पोस्टातून आलेलं पत्र पास, माझ्या बहिणीची पत्रिका पास, आमच्या दुकानातला पंचांगाचा कागदही पासच. जंगलातलं सागवान बैलगाडीतून कॅसलरॉक स्टेशनावर पोचवणारा हा कुणबी. जंगलनाक्यावर शिक्क्याचा कागद दाखवल्याशिवाय गाडी सुटत नसे, म्हणून कागदावर त्याची भारी भक्ती. मला त्याचा राग येई. त्या वर्षी मला सगळ्यांचाच राग येत होता.

मी बेळगावला हायस्कुलात होतो. खानापूरच्या चुलत्यांपासून स्टेशनावरच्या हमालांपर्यंत सगळ्यांनी माझं मॅट्रिक गृहीत धरलेलं, आणि मी बीजगणितात आपटलो. कॅसलरॉकला घरी येऊन दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो. अन्न जाईना. पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागत. आईने दृष्ट काढली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "थेरं हायत सगळी." आता डॉक्टर अशा दुखण्याला काहीतरी नाव देतात म्हणे. आमच्याकडे तेव्हा थेरं हे एकच नाव होतं. कुठे दुखतंय ते बोटाने दाखवता येत नाही, याचा संताप भोगल्याशिवाय कळायचा नाही.

एकदा मामाने दुकानात विचारलं, "अण्णा, पोरगं दिसंना ते?"

"नापास झालाय."

"पास न्हाई व्हय? येवढंच?"

दुसऱ्या सकाळी हा गृहस्थ नाक्यावरच्या गार्डापुढे हात जोडून उभा! "आमच्या अण्णांच्या पोराला येक पास द्या, सायब. लई दिस घरात अडकून पडलंय." गार्ड पोट धरून हसला. दुपारपर्यंत सगळं स्टेशन हसत होतं.

ते कानावर आलं आणि मी तरातरा खोलीबाहेर पडलो. मामा गाडीच्या आसाला वंगण लावत बसला होता. मी त्याला वाटेल ते बोललो. परीक्षा म्हणजे काय, मार्क म्हणजे काय, पास म्हणजे काय, सगळं ओरडून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, वंगण लावत होता. त्याच्या त्या शांतपणाने तर माझं डोकंच फिरलं.

"म्हंजे पास लाकडाचा न्हवं, तुझा?" त्याने शेवटी विचारलं.

"माझा!"

"माणसाला कशाला पास? लाकूड सोताहून चालत न्हाई, म्हणून त्येला लागतोय. तू आलास की चालत."

तेव्हा कुठे ध्यानात आलं की कित्येक दिवसांनी मी उन्हात उभा होतो. त्याने बैल जुंपले आणि म्हणाला, "चल. चढाला गाडीत बसायचं न्हाई, बैलास्नी जड हुतंय." त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्या गाडीमागून चाललो. बरा झालो असं नाही. पण दमून भूक लागायची आणि मी जेवायचो.

बेळगावला परत निघालो तेव्हा त्याने मुंडाशातला एक जुना, वापरलेला पास माझ्या हातात कोंबला. "ठेव. नाके लई असत्यात."

पुढच्या वर्षीही नापास झालो. पण या खेपेला स्टेशनावरून मान वर करून चालत घरी आलो, अण्णांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि आईने वाढलेलं जेवलो. तिसऱ्या वर्षी पास झालो. मामाला सांगायला पळत गेलो, तर तो पावसाळ्यातच हिवतापाने गेला होता. मला कोणी कळवलं नव्हतं, का तर अभ्यासात व्यत्यय नको! त्या व्यत्यय न आणणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आता मी मास्तर आहे. दरवर्षी मॅट्रिकच्या वर्गातला एखादा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडतो, आणि दरवर्षी त्याचा बाप मला तेच सांगतो, "थेरं हायत, मास्तर." समजावून समजावून जीभ झिजली. मग मी त्या मुलाच्या घरी जातो आणि चिडूनच विचारतो, "लाकूड आहेस का रे तू?"

त्याला भयंकर राग येतो. भांडायला तो उठून उभा राहतो, आणि मी हळूच दाराबाहेर सरकतो, म्हणजे त्याला माझ्यामागून यावं लागतं.