मेंबर हिरूबाय

ग्रामसेवकाकडे किस्से आपोआप साठतात, सायकलच्या चाकाला चिखल लागावा तसे! त्यातले माझे निम्मे एकट्या हिरूबायचे.

मी मूळचा वाईचा. साठच्या दशकात नेमणूक झाली ती तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावात. नाव सांगत नाही, माणसं ओळखतील. शेजारी अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, आणि पंचायतीत बाई मेंबर हवीच, असा कायदा आला होता. सरपंच बाबूतात्यांनी हिरूबायला घेतलं. कारण? "ती दिवसभर मासळी विकाया बाजारात. बोलाया येते कुटं!"

*

पहिली मीटिंग तिला न कळवताच उरकली. दुसऱ्या दिवशी मी अंगठा घ्यायला तिच्या दारात. ती बोंबील धूत होती.

"भाऊ, माजा आंगठा एकटा कुटं जात नाय. मीटिंगला मला बोलवा, तो संगती येल!"

मी कागद गुंडाळून परत आलो.

*

पुढच्या मीटिंगला आली. तिचे थोरले दीरही मेंबर, आणि थोरल्या दिरासमोर बसायची रीत नाही. सगळे मजा बघत होते. तिने डोक्यावर पदर घेतला, खुर्ची ओढली आणि बसली.

"भावजी, घरी मी उबीच रेन. हितं सरकारनं बसवलंय!"

आणि घरी ती खरंच उभी राहायची. दोन्ही कायदे पाळायची बाई! मला तिचं फार कौतुक वाटायचं.

*

एकदा पालघरहून साहेब आले. चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "बाई, पंचायतीत तुम्ही काय काम करता?"

"घरी मी चा करते. हितं पिते!"

साहेबांना ठसका लागला.

*

मग कंत्राटदार आला. त्याला खडी टाकायला किनाऱ्यावरची मोकळी जागा हवी होती. जागा पंचायतीची, पण गावातल्या सगळ्या बायका बोंबील वाळवायच्या तिथेच. ती गेली तर पावसाळ्यात घरं खाणार काय? बाबूतात्यांचा मात्र कंत्राटदाराला होकार होता.

हिरूबायने कंत्राटदारालाच गाठलं. "तुजी खडी भिजली तर नासते काय?"

"नाही हो बाई."

"मंग तुला उनाची जागा कशाला?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे!

*

ठरावाचा दिवस. बाबूतात्यांनी मला नियम वाचायला लावला: मेंबरांखेरीज कोणीही आत यायचं नाही. हिरूबाय म्हणाली, "बराबर हाय. कायदा म्हंजे कायदा." आणि आपल्या जागेवर बसली.

तिच्यासोबत आलेल्या गावातल्या बायका बाहेरच थांबल्या. फक्त खिडक्या उघड्या होत्या, आणि प्रत्येक खिडकीत चार-पाच चेहरे. कुणाची बायको, कुणाची सासू, कुणाची बहीण.

बाबूतात्यांनी स्वतःच ठराव मांडला. "बाजूनं कोण?"

मेंबरांनी खिडक्यांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. एक हात हलेना. थोरले दीर तर पंखा नसलेल्या छताकडे बघत बसले.

"विरोधात?"

हिरूबायच्या आधी एक हात वर गेला. अर्धामुर्धा, कानापर्यंतच. खुद्द बाबूतात्यांचा!

खिडकीतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, "बाबू, नीट वर कर. दिसत नाय."