पेटीची खोळ

आमच्या घरात उघडी वस्तू दिसणार नाही. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, शिलाई मशीनला तर एकावर एक दोन. ही सवय शिरगावची. वडील तिथल्या खाणीवर नोकरीला होते आणि आमचं बिऱ्हाड रस्त्याला लागून होतं. ट्रक गेला की लाल धूळ घरात यायची, आणि ट्रक दिवसभर जायचे. पुढे खाण बंद पडली, आम्ही धारगळला वडिलांच्या गावी आलो, काही वर्षांनी वडीलही गेले. घरात आम्ही दोघीच उरलो, आई आणि मी. खोळी मात्र होत्या तशाच राहिल्या.

माझ्या संगणकालाही खोळ होती. टेबलाखालच्या सीपीयूला आई ‘पेटी’ म्हणते. त्या पेटीला तिने फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवली होती, पुढे झालर लावून. सकाळी झालर वर करायची, बटण दाबायचं, झालर खाली सोडायची. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. लहानपणापासून जे झाकलेलंच पाहिलं, ते उघडं असायला हवं हे सुचणार कसं?

मी बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअर तपासते. त्यासाठी संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवावा लागतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तो दिसायला नुसती पडद्यावरची एक खिडकी, पण खायला खराखुरा. मेमरी खातो, प्रोसेसर खातो, आणि मूळ संगणकाला धाप लागेपर्यंत राबवतो. उन्हाळा सुरू झाला आणि हा पोटातला संगणक कोसळायला लागला. आधी पडदा गोठायचा, मग खिडकी नाहीशी व्हायची. कधीकधी तर अख्खी पेटीच बंद पडायची.

मी सगळे उपाय केले. त्याला मेमरी कमी दिली, मग जास्त दिली. तो पुसून नव्याने बसवला. बायोसमध्ये शिरून सेटिंग बदललं, ते पुन्हा होतं तसं केलं. कोसळल्यावर उरणाऱ्या नोंदी वाचल्या, तर त्यात एवढंच कळत होतं की मशीन अचानक बंद झालं. ते मलाही ठाऊक होतं. शेवटी दोष विजेवर टाकला. आमच्याकडे कशाचाही दोष विजेवर टाकला की कोणी उलट विचारत नाही. मी स्टॅबिलायझर आणला, त्यालाही आईने खोळ शिवली.

मग मॅनेजर बाईंचा फोन आला. बोलायला गोड आहेत त्या. “घरच्या मशीनवर जमत नसेल तर इथं या ना,” त्या म्हणाल्या. “ऑफिसमध्ये चांगली मशीन आहेत. या महिन्यात बघू, नाहीतर इथं यायचं ठरवू.” फोन स्पीकरवर होता आणि आई दारात पाव घेऊन उभी होती. मला भीती वाटली, ती माझ्यापेक्षा तिच्यासाठी. हायवेच्या कडेच्या या घरात ती एकटी कशी राहील, हा विचार मी तोवर टाळत आले होते.

त्यानंतर आईने पेटीकडे जास्तच लक्ष द्यायला सुरुवात केली. खोळीला आतून जुन्या वाकळीचं अस्तर लावलं. झालर लांब करून पार जमिनीला टेकवली. मशीन आणखी लवकर कोसळायला लागलं.

वैशाखात ती लईराई देवीच्या जत्रेला माहेरी शिरगावला निघाली. निघण्यापूर्वी तिने घरातल्या सगळ्या खोळी धुऊन दोरीवर वाळत घातल्या. मी त्या काढून घडी करून ठेवल्या आणि परत घालायचा आळस केला. ती माहेरी होती तेवढे दिवस, भर उकाड्यात, मशीन एकदाही बंद पडलं नाही. मी स्टॅबिलायझरचे आभार मानले. आई आली, तिने एकेक खोळ चढवली, आणि दुपारच्या जेवणाआधी पडदा गोठला.

मी खाली वाकले. झालर वर करून हात आत घातला. आत चुलीपाशी असावं तसं गरम होतं. पंखे जीव तोडून फिरत होते आणि वाकळीचं अस्तर त्यांच्या तोंडाला चिकटलं होतं.

मला राग आला, आणि राग आला की मी फार शांतपणे बोलते. खोळ ओढून काढली, आईला हाक मारली. ती आली. माझ्या हातातल्या खोळीकडे तिने पाहिलं आणि विचारलं, “कितें जालें गे बाय?”

मला इथून जावं लागू नये म्हणून तिने ते अस्तर लावलं होतं.

“लाईटीचाच घोळ आहे,” मी म्हटलं. “आता नवीन तार आणते. तोवर ही राहू दे बाजूला.”

“हां, लायटच ती,” ती म्हणाली आणि खोळ घेऊन आत गेली.

तार मी आणलीच नाही. मशीन नीट चालू लागलं. मॅनेजर बाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

पण माझी आई भोळी नाही. एका दुपारी ती खोळ घेऊन टेबलापाशी आली. अस्तर उसवून टाकलं होतं. मागच्या बाजूला आणि कुशीला चौकोन कापले होते, कडा बारीक टाक्यांनी दुमडल्या होत्या आणि त्यांवर मच्छरदाणीची जाळी शिवली होती.

“जनेलां काडलीं तिका,” ती म्हणाली. जनेल म्हणजे खिडकी.

मी वाकून खोळ चढवली. एकेक खिडकी एकेका पंख्यावर बरोबर बसली. तिने माप कधी घेतलं, मला कळलंही नव्हतं.

“आतां तुका थंय वचूंक नाका मगो?” बेंगळुरूला जावं लागणार नाही ना, असं तिने विचारलं.

“नाका,” मी म्हटलं.