वलंदेजांचा गोळा

या सहलीला मी आपण होऊन गेले नाही, हे आधीच सांगते. पिंपरीत नवा कारखाना उभा राहतो आहे. तिथे यंत्रं बसवायला हॉलंडहून आलेल्या एका इंजिनियरांना चाकणच्या बाजूला आपल्या पूर्वजाचा माग काढायचा होता. मराठी-इंग्रजी दोन्ही बोलणारं माणूस हवं होतं. तिथेच नोकरीला असलेल्या आमच्या ह्यांनी मला न विचारता माझं नाव सांगून टाकलं. मी शिकवते त्या शाळेला रविवारी सुट्टीच असते, हे त्यांचं कारण मला ते घरी आल्यावर कळलं. माझा राग तिथपासूनचा आहे, तेव्हा वाचणाऱ्याने तो थोडा वजा करून वाचावं.

पिंपरीहून चाकणला थेट गाडी नाही. टांग्याने भोसरीला जायचं आणि पुण्याहून येणारी नाशिक रस्त्याची एस.टी. धरायची. ती भरूनच येते, उभं राहायची तयारी ठेवा. भाडं फारसं नाही. पाणी बरोबर घ्या आणि परतीच्या गाडीचं कंडक्टरलाच विचारून ठेवा. मोशीला इंद्रायणी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याची वावरं लागतात आणि वाऱ्यालाही तोच वास येतो.

गाडीत साहेबांनी घराण्याची कथा सांगितली. आडनाव बॉसस्खीटर, म्हणजे तोफ डागणारा. मूळ पुरुष जहाजावर गोलंदाज होता, त्यावरून पडलेलं. पुढे कोणी पाव भाजले, कोणी गुरं राखली, तरी आडनाव तेच राहिलं. चर्चच्या दप्तरांतून त्यांनी पिढ्यान् पिढ्या जुळवल्या होत्या. फक्त एक भाऊ निसटत होता. तो वेंगुर्ल्याच्या डच वखारीत उतरला, तिथून पळाला आणि चाकणच्या किल्ल्यावर तोफेपाशी चाकरीला राहिला, इतकंच त्यांच्या घरात पिढीजात सांगत आले होते. मी विचारलं, या वंशवृक्षात मुली कुठे आहेत? ते म्हणाले, मुली लग्न करून दुसऱ्या नावात जातात, त्यांना धरलं तर झाड आवरत नाही. आमच्याकडेही असंच असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी पुढे चाकणपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

किल्ल्यात पडके बुरूज आहेत आणि खंदकात बाभळी. उन्हाच्या आधी पाहून घ्यावा. बाजारात भजी चांगली मिळतात, चहा मात्र पाकासारखा गोड. भजीवाल्याकडेच मी चौकशी केली. डचांना आपल्याकडचा जुना शब्द वलंदेज. त्या नावाचं कोणी आहे का?

"हायेत की," तो म्हणाला. "कागदावर आडनाव निराळं हाय, पर सारा गाव वलंदेजच म्हनतो."

हे इंग्रजीत सांगताच साहेब हातातली भजी टाकून उठले. बैलगाडी ठरवून आम्ही निघालो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या घरची मुलगी आता सासरी नांदते आहे.

धोंडीबा वलंदेज साठीचे. त्यांच्या ओसरीवर पाहुणे बसले होते. धाकट्या मुलीला, कमळला, मागणी घालायला आलेले. मी म्हटलं, परत फिरू या. साहेब म्हणाले, उलट बरं झालं, सगळे एकत्र सापडले. दारी आलेल्याला परत लावणं धोंडीबांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी आम्हालाही बसवून घेतलं.

मुलाचा चुलता कुळाची चौकशी करत होता. देवक कोणतं? पंचपालवी. आणि देव्हाऱ्यात तो शेंदूर फासलेला लोखंडी गोळा कसला?

"वाडवडील तोफंवर व्हते," धोंडीबा म्हणाले. "लग्नात देवकासंगट मांडतो त्याला."

"देवात ठेवलाय तवर ठीक हाय. सून तोफगोळा न्हाई निघाली म्हंजी झालं."

सगळे हसले, दाराआडच्या बायकासुद्धा. तेवढ्यात साहेब बुटांसकट आत गेले आणि त्यांनी तो गोळा उचलला. कमळच्या आईने पदर तोंडाशी नेला. साहेब मला म्हणाले, यांना सांगा, हे माझ्या रक्ताचे आहेत, यांचा मूळ पुरुष डच खलाशी होता.

मी मराठीत सांगितलं की साहेब म्हणतात, गोळा फार जुना आहे. मुद्दाम खोटा अनुवाद मी आयुष्यात पहिल्यांदा केला. पण साहेब तो एक शब्द चाकणातच शिकले होते. गोळा खाली ठेवून त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "वलंदेज." मग धोंडीबांच्या खांद्यावर, "वलंदेज."

चुलत्याने कप खाली ठेवला. "म्हंजी मूळ पुरुष दर्यापारचा गोरा? आमाला कुळी बघाया लागती, राव." तो उठला, त्याची माणसं उठली. सुपारी तबकातच राहिली.

धोंडीबा त्यांच्याकडे वळलेच नाहीत. साहेबांकडे पाहत मला म्हणाले, "बाई, इचारा त्यांस्नी. आमचं भाऊबंद हायेत न्हवं? मग मांडवाच्या मेढी आनायला, पंगत उचलायला त्यांनी यायचं. आज ही सोयरीक मोडली तर पोरीला दुसरं स्थळ बी त्यांनीच बघायचं. करत्यात का?"

हे मी शब्दन् शब्द सांगितलं. साहेबांचा हात धोंडीबांच्या खांद्यावरून निघाला. ते हसले. म्हणाले, गैरसमज झाला. चर्चची नोंद नसताना कोणाला घराण्यातलं कसं म्हणायचं? या माणसांशी आपलं नातं नाही. आपल्याला रस आहे तो गोळ्यात. विकत मिळेल का?

मी अंगणाकडे तोंड केलं आणि वर्गातल्या मागच्या बाकांसाठी राखलेल्या आवाजात म्हणाले, "साहेब म्हणतात, तुमचं-आमचं काही नातं नाही. पुरावा नाही. ही माणसं आमच्या घराण्यातली नाहीत." विकत घ्यायचं तेवढं गाळलं, बाकी अनुवाद चोख होता.

चुलत्याने एका पायात वहाण घातली होती. "न्हाई म्हनतोय?"

"न्हाई म्हनतोय," धोंडीबा म्हणाले.

"गोराच न्हाई म्हनतो, मग आपन कोन व्हय म्हननारं?" वहाण निघाली. सुपारी फुटली, साखर वाटली गेली.

निघताना मी धोंडीबांना हळूच विचारलं, साहेब नाही म्हणतील हे ठाऊक होतं? ते म्हणाले, "आमच्या चुलत्यांची वाटनी झाली तवा बघितलंय, बाई. वाटनीला समदी व्हती. मांडवाला कोन आलं न्हाई."

परतीच्या गाडीत साहेब गोळ्याचं चित्र काढत बसले होते. ज्यांना मघाशी रक्ताचे म्हणालात त्यांना एका वाक्यात टाकलंत, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, पण त्यामुळे लग्न वाचलं ना? ते खरं होतं, आणि म्हणूनच मला दुप्पट राग आला. त्यांना आवडेल ते उत्तर द्यायची मुभा होती. धोंडीबांना एकच उत्तर परवडत होतं.

वैशाखात मी कमळच्या लग्नाला गेले. देवकाजवळ आंब्याचा डहाळा होता, कलश होता, गोळा नव्हता. कमळच्या आईने कानाशी सांगितलं, कणगीत ठेवलाय, धान्यात. सासरची मंडळी गेली की काढू. निघताना कमळ देवांच्या पाया पडली, मग आत वळून सगळ्यांदेखत कणगीच्या पाया पडली. सासूने विचारलं, हे काय?

"आमची रीत हाय," कमळ म्हणाली.

घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं, साहेबांचा वंशवृक्ष पुरा झाला, ऑफिसात सगळ्यांना दाखवत होते. मी विचारलं, चाकणला आलेल्या त्या भावाच्या खाली काय लिहिलंय?

"निर्वंश," हे म्हणाले, आणि जेवायला वाढ म्हणाले.