कोल्हारच्या कार्यक्रमाची टेप

संगमनेरात कानिफनाथ वाकचौरेचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो नाहीतर निवडणूक, भोंगे कानिफचेच. पण कुणी भोंगेवाला म्हटलेलं त्याला खपत नसे. "आपण शलमोनचं माणूस हाय," असं तो सांगायचा.

शलमोन साळवे नगरचा. बाप भिंगारच्या छावणीत खानसामा. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाची गिटार मागे राहिली, ती या पोराच्या हाती लागली. कानिफ तेव्हा छावणीजवळच रेडिओदुरुस्ती शिकत होता. एका मोडक्या रेडिओतून शलमोनच्या गिटारीला पहिल्यांदा वीज जोडली ती त्यानेच. पहिल्या झटक्याला गल्लीतली सगळी कुत्री भुंकत सुटली आणि हे दोघे हसून हसून भिंतीला टेकले.

पुढे शलमोनने एक ड्रमवाला जमवला, आणखी एक गिटारवाला आणला. शब्द मराठी, ठेका असा की अंगात वारं भरावं. जाणत्या मंडळींनी धिंगाणा म्हणून नाकं मुरडली, पण राहुरी, श्रीरामपूर, कोल्हार, जिथे तो उभा राही तिथे माणसं बाभळीवर चढून ऐकत. याला रॉक म्हणतात हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. सात वर्षं कानिफने त्याचे भोंगे वाहिले, तारा जोडल्या, पावसात माईकवर छत्री धरली.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि अकरा दिवसांत शलमोन गेला. बत्तीस वर्षांचा होता.

स्टँडजवळच्या हॉटेलवाल्या काकासाहेबांनी शोकसभा ठरवली. "कानिफ, कोल्हारच्या कार्यक्रमाची टेप तुझ्याकडं हाय ना? तेवढी लाव. पोरांना त्याचा आवाज ऐकू दे."

कानिफला ते आवडलं नाही. ती टेप त्याची होती. तरी सभेच्या सकाळी दुकानात बसून त्याने ती ऐकायला घेतली. सगळ्यांच्या आवडीच्या गाण्याआधी शलमोन माईकवर बोलत होता, "हे गाणं कोल्हारच्या अंबिकाबाईंनी लिहिलंय. खरं तर माझी सगळीच त्यांची. मी नुसता वाजवणारा."

कानिफ तेव्हा स्टेजमागे जनरेटरशी झटत होता. टेपही आजवर कधी लावली नव्हती; हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. कोण ही बाई? सात वर्षांत शलमोनने माईकवर कानिफचं नाव एकदा तरी घेतलं होतं का? त्याने टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली. पुन्हा तेच. त्याच्या छातीत विस्तव पडल्यासारखं झालं. एवढं एक वाक्य गेलं तर कुणाला कळणार आहे? माईक काढून त्याने त्या वाक्यावर रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं, त्याच्याशी दोन शब्द बोलून कानिफ वळला तोवर वाक्य गेलं होतं, आणि गाण्याचं पहिलं कडवंही.

दुपारी हॉटेलमागच्या मांडवात दोनशे माणूस जमलं. कुणी म्हणालं, "राहुरीला लाईट गेली, तर पठ्ठ्या अंधारात नुसत्या गळ्यानं गायला." गोजरबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "माझ्या पडवीत जेवला व्हता त्यो. भाकरी दोनदा मागून घेतली." प्रत्येक आठवणीगणिक कानिफ आतून जळत होता. जो तो शलमोनला आपल्या घरी ओढून नेत होता.

मग टेप लागली. अर्धं मिनिट नुसती खरखर. आणि एकदम गाणं मधूनच उगवलं.

"सुरुवात कुठं गेली रं?" कुणीतरी ओरडलं.

"टेप जुनी झालीय," कानिफ म्हणाला.

बायकांमधून एक चाळिशीतली बाई उठली. शाळेत मुलांना कविता सांगावी तसं गेलेलं पहिलं कडवं सरळ म्हणाली,

"पाण्याखालचा धोंडा म्हणतो, मला कुणी पाहिलं नाही,
नदी उतरली, ऊन पडलं, आता लपायला जागा नाही."

मांडवातल्या लोकांनी चाल उचलली. गाणं संपल्यावर काकासाहेब म्हणाले, "बाई, तुमचं बरं पाठ हाय!"

"मी लिहिलंय ते. अंबिका माझं नाव. कोल्हारच्या शाळेत शिकवते."

लोक हसले. "शलमोनची गाणी शलमोनचीच," मागून कुणी म्हणालं. "मेल्यावर कुनीबी हक्क सांगल."

बाईंचा चेहरा उतरला. "त्यांनी माईकवर सांगितलं होतं. या टेपमध्ये असणार."

सगळ्या माना कानिफकडे वळल्या. त्याच्या जिभेवर खोटं तयार होतं. पण खाली मान घालून उभ्या बाईंकडे पाहून ते बाहेर पडेना.

"व्हतं," तो म्हणाला. "मी पुसलं. आज सकाळी."

"का?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"माझं नाव त्यानं कधी घेतलं न्हाई."

बाईंनी मान वर केली. "माझ्या नावाचं काही नाही हो, ते मी पुन्हा सांगेन. पण त्यांचा आवाज गेला ना."

मांडवात कुणी कानिफला शिवी दिली नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. काकासाहेबांनी त्या दिवसापासून त्याचे भोंगे सांगितले नाहीत.

महिन्याभराने कानिफ टेप पिशवीत घालून एस.टी.ने कोल्हारला गेला. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," म्हणाला. बाईंनी त्याला चहा दिला आणि टेप ठेवायला पेटी उघडली. आत पत्रांचा गठ्ठा होता, शलमोनच्या तिरक्या अक्षरातला. ते अक्षर कानिफने लांबूनही ओळखलं. त्याच्या नावे तर एक ओळही कधी आली नव्हती.

"पत्रं लिहायचा व्हय त्यो?"

"भरपूर." बाईंनी सहज विचारलं, "तुम्हाला नाही लिहिली कधी?"

"लिहिली की," कानिफ म्हणाला. "लई लिहिली." आणि चहा अर्धाच ठेवून, गाडीची वेळ झाली म्हणत तो उठला.