उजवा हात, डावा कान

आमच्या शाळेतली निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली होती. हसू येत असेल तर खुशाल हसा, आम्हीही हसायचो. शाळा घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी, पालिकेची, मराठी माध्यमाची. मुलं यायची वरच्या झोपड्यांतून. त्यांच्या आया बाळंतपणाला गावी जायच्या आणि दोन-तीन महिन्यांचं बाळ घेऊन परत यायच्या. जन्माचा दाखला बहुतेकींकडे नसायचाच. मग आम्ही बाया रजिस्टरात लिहायचो, एक जून. वर्षही आम्हीच ठरवायचो. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावला की त्याची पाच वर्षं पुरी झाली, असं धरायचं. हात नाही पोचला तर पुढच्या वर्षी ये, बाळा.

नियम असा होता. मी तो एकदा मोडला.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही रजिस्टर काखोटीला मारून डोंगर चढायचो आणि पहिलीसाठी मुलं गोळा करायचो. पट भरला नाही तर तुकडी तुटायची, आणि तुकडी तुटली की सगळ्यांत नव्या बाईची बदली व्हायची. त्या वर्षी सगळ्यांत नवी बाई मीच होते. घरी माझी मुलगी तान्ही होती. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर होती आणि बदलीची यादी पार दहिसरपर्यंत जात होती. मला एक मूल कमी पडत होतं.

ते मला एका कोकणी बाईच्या दारात सापडलं. तिचा नवरा गिरणीत, ती स्वतः चार घरची धुणीभांडी करायची. पोरगं उंबऱ्यात बसून चपलेचा पट्टा चावत होतं. जन्म कधीचा, असं विचारलं तर ती म्हणाली, "बाई, शिमग्याची पालखी दारात इली आणि ह्यो झालो. आता चार पुरी झाली." खरं तेच सांगितलं बिचारीने. मी म्हटलं, बघू तरी हात. हात कानापासून दोन बोटं वर अडकला. मी त्याची मान जरा वाकवली, मनगट धरून ओढलं. बोटाचं टोक कानाला लागलं.

"पोचला!" मी म्हणाले.

पोरगं इतकं खूश झालं की संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाला कान धरून दाखवत होतं. हे त्याची आई पुढे कितीदा तरी कौतुकाने सांगायची. मी रजिस्टरात एक जून लिहिलं आणि वर्ष एक मागचं टाकलं. पोरगं नऊ महिन्यांनी मोठं झालं, माझी तुकडी वाचली.

पहिलीत तो मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकून झोपून जायचा. मी झोपू द्यायचे, कारण तो का झोपतो ते मला माहीत होतं. सातवी करून तो बाहेर पडला. पुढे संप झाला, बापाची गिरणी बंदच पडली आणि बाप गावी जाऊन बसला. पोरगा एका प्लंबरच्या हाताखाली लागला. रस्त्यात दिसला की लांबूनच "बाई!" करून ओरडायचा आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी हिसकावून घरापर्यंत आणून द्यायचा.

त्याला पकडलं ते दिवाळीनंतर. मुलुंडला एका नव्या सोसायटीत अजून कुणी राहायला आलं नव्हतं. तिथले पितळी नळ दोन मोठ्या माणसांनी काढले आणि याने गोणी धरली. वॉचमन आला तेव्हा ते दोघे पळाले आणि गोणीवाला सापडला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "तुमी साहेबाक सांगा, बाई. तुमचा ऐकतले."

कोर्टाच्या आवारात एक परिविक्षा अधिकारी भेटले. अशा मुलांच्या घरची माहिती काढून कोर्टाला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. टपरीवर चहा पाजून त्यांनी मला कायदा समजावला. मुलगा सोळाच्या आतला असेल तर त्याला मोठ्यांच्या जेलात ठेवत नाहीत. रिमांड होममध्ये ठेवतात, आणि भरवशाचं कुणी जबाबदारी घेत असेल तर कोर्ट त्याला घरीही सोडू शकतं. मला एकदम हुरूप आला. शिमग्याला अजून चार महिने होते, पोराला सोळा व्हायला तेवढाच वेळ बाकी होता. मी फुलस्केप कागदावर सगळं लिहून काढलं. दिवसा काम करील, रोज संध्याकाळी सहाला माझ्या घरी येऊन अभ्यासाला बसेल, आठवड्यातून एकदा पोलिस चौकीत सही करील, आला नाही तर मी स्वतः येऊन कळवीन. त्या कागदाचा मला केवढा अभिमान वाटला होता! लाज वाटते आता.

कोर्टाने शाळेचं रजिस्टर मागवलं होतं. निघताना हेडमास्तरांनी मला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. म्हणाले, "बाई, रजिस्टरात आहे ते वाचायचं आणि खाली बसायचं. एक तारीख खोटी म्हणालात तर सगळं रजिस्टर खोटं ठरतं. मग तुम्ही घरी, मी घरी, आणि या पोरांच्या दाखल्यांची पण वाट लागली."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माझा कागद वाचला. अगदी शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "तुमची कल्पना चांगली आहे. पण ही सोय सोळाच्या आतल्या मुलांसाठी. हा सोळाच्या आतला आहे का?"

मी रजिस्टर उघडलं. माझंच अक्षर. पोरगं पलीकडे उभं होतं, दोन दिवसांत केस विस्कटून गेलेले, आणि माझ्याकडे बघत होतं. बाई सगळं निस्तरतील अशा खात्रीने बघत होतं.

"रजिस्टरप्रमाणे," मी म्हणाले, "एक जूनला सोळा पुरी झाली."

'रजिस्टरप्रमाणे' या शब्दामागे मी लपले. खोटं बोलले नाही, असं मनाला सांगायला तो शब्द पुरेसा होता. साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मी काही जोडते का याची वाट पाहिली असावी. मी खाली बसले. जामिनाला स्वतःची घरजागा असलेला माणूस लागायचा, तसं आमच्यात कुणी नव्हतं. त्याला मोठ्या जेलात पाठवलं, मोठ्या माणसांत. आत काय झालं ते त्याच्या आईला कळलं नव्हतं. मी उभी राहून बोलले एवढंच तिने पाहिलं होतं, म्हणून बाहेर आल्यावर तिने माझे हात धरले.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी मुलाखतीला गेले. जाळीपलीकडे तो उभा होता. कुठे झोपतोस, विचारलं तर म्हणाला, "बसूनच झोपतो, बाई. आडवं नाय पडायचं इथे." पहिलीतलं बाकावर टेकलेलं डोकं मला आठवलं. मी तिथेच रडायला लागले आणि तोच मला म्हणाला, "रडू नका ना, बाई. लोक बघतात."

त्याच दुपारी मी वकील गाठला आणि प्रतिज्ञापत्र केलं. मुलाचा हात पोचत नव्हता, मी ओढला, वर्ष मी खोटं लिहिलं. मग तारखा सुरू झाल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा कागद सापडेना. हाडांची तपासणी झाली, डॉक्टरांनी लिहिलं पंधरा ते सतरा. सरकारी वकील मला म्हणाले, "बाई, तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?" कोर्टात हशा पिकला. मीही एकेकाळी एक जूनवर हसले होते, त्यामुळे कुणाला बोलायचं तोंड मला नव्हतं.

तारखांच्या मधल्या दिवसांत मी माझा तोच फुलस्केप कागद घेऊन दारोदार हिंडले. पोलिस चौकी, नगरसेवक, महिला मंडळ. पोरांना कोंडू नका, सहाला हजेरी घ्या, त्यांच्यावर एक माणूस नेमा, कुणीतरी त्यांची वाट बघतंय एवढं त्यांना कळू द्या. महिला मंडळातल्या एकीने विचारलं, "तुमच्या घरचे नळ चोरले असते तर?" मी तडकले. म्हटलं, "नळ नवीन बसवता येतात हो! पोरगं कुठून आणू?" परिविक्षा अधिकारी तेवढे माझ्याबरोबर हिंडले. तेही दमले होते. माझ्यासारखे कागद त्यांच्या कपाटात कितीतरी पडले होते.

कोर्टाने माझं म्हणणं मान्य केलं आणि त्याला आईच्या ताब्यात दिलं, तेव्हा शिमगा होऊन गेला होता. शाळेत माझी चौकशी झाली. नोकरी गेली नाही, हेडमास्तरही सुखाने रिटायर झाले. माझी बदली झाली, दहिसरला. ज्या भीतीने मी त्या दिवशी खाली बसले, ती एवढीच होती.

तो ठरल्याप्रमाणे सहाला घरी यायचा. दहा-बारा दिवस आला. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा. पुस्तक उघडं, पण पान उलटायचा नाही. माझी मुलगी पाणी घेऊन आली की दचकायचा. आत भेटलेली माणसं खाली रस्त्यावर येऊन शिट्टी मारायची. पहिल्यांदा तो हलला नाही. मग एकदा उठून गेला. मी जिन्यापर्यंत धावले, हाका मारल्या. त्याने वर पाहिलं नाही.

गणपतीच्या आधी त्याला पुन्हा पकडलं. या वेळी चाकू होता. मी दहिसरहून सुट्टी टाकून कोर्टात आले, पिशवीत तोच कागद, घड्यांवर फाटलेला. तो व्हरांड्यात बसला होता, डाव्या हातात बेडी, बेडीचं दुसरं टोक हवालदाराच्या हाताला. मी जवळ जाऊन घाईघाईने बोलायला लागले. नवा वकील बघते, मी पुन्हा उभी राहते, साहेबांना सांगते.

त्याने मला बोलू दिलं. मग मोकळा उजवा हात उचलला, डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. मान जराही न वाकवता.

"बाई," तो म्हणाला, "आता आपला आपण पोचतो."

हवालदाराला काही कळलं नाही. त्याने बेडी ओढली आणि ते दोघे आत गेले.