हॉर्नफर्डच्या राखणदाराला गाऱ्हाणं

कोकणातल्या आचऱ्यात देवाला गाऱ्हाणं घालावं ते सत्यवानानेच. नवी होडी असो की हरवलेली म्हैस, तो हात जोडून उभा राहिला की मागची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणायला घसा मोकळा करून ठेवत. शेवटी तो स्वतःचं एक मागणं जोडायचाच: "भक्ती घराक येवंदे." भक्ती त्याची एकुलती एक लेक, विलायतेत हॉर्नफर्ड नावाच्या नदीकाठच्या बाजारगावात नोकरीला. त्या गावाचं नाव रागापायी तो तोंडातही घेत नसे.

एके दिवशी तिचा फोन आला. नदी फुगली होती, पाणी घरात शिरलं होतं आणि ती माडीवर अडकली होती.

"थंयचो राखणदार कोण गो?" सत्यवानाने आधी गाव राखणाऱ्या देवाचंच विचारलं.

"बाबा, हयसर राखणदार नसता!"

"मगे गाव इतकी वर्षां उभो कसो? हवा खावन?"

गाऱ्हाण्याचा कायदा कडक. गावाची मानाची ठिकाणं नाव घेऊन सांगितल्याशिवाय देव हलत नाही. बिचारी भक्ती शेजारच्या खिडकीतल्या म्हातारीला ओरडून विचारू लागली. कुठल्याशा राजाने दिलेली बाजाराची सनद निघाली, दगडी पूल निघाला, चर्चच्या मनोऱ्यावरचा सोनेरी कोंबडाही निघाला.

"कोंबडो? म्हणजे राखणदाराचो मान आधीच दिलेलो आसा!" सत्यवान खूश झाला.

पुलावर म्हणे जुन्या पिठाच्या गिरणीवाल्याचं भूत हिंडतं.

"ह्योच तो राखणदार! आणि तू म्हणतंस नसता!"

देवळात समईशेजारी फोन ठेवला गेला. "बा गिरणीवाल्या, दगडी पुलाच्या धन्या, बाजाराच्या मालका..."

"व्हय म्हाराजा!" मंडळी गरजली. फोनमधून म्हातारीही काहीतरी ओरडली.

सवयीने 'घराक येवंदे' सत्यवानाच्या ओठांवर आलं आणि तो थबकला. ज्याला गाव राखायला सांगायचं, त्याच्याच गावातलं माणूस कसं मागायचं? असं तर वैऱ्याच्या देवाशीही कोणी करत नाही. त्याला रडू फुटलं.

"ही आता तुझ्या गावची. तिका थंयच सुखान ठेव."

मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच विसरली. त्याचं नेहमीचं मागणं सगळ्यांना पाठ होतं.

"व्हय म्हाराजा," फोनमधून भक्तीच रडत म्हणाली.

संध्याकाळी पाणी उतरलं. गिरणीवाल्याचा नारळ कोणी पोचवायचा यावर आचऱ्यात अजून वाद चालू आहे. सत्यवानाने मात्र गुपचूप पासपोर्ट काढलाय.